एक मागे राहतो, त्याचा सिनेमा कुठला?

निळी काच

नमस्कार. इथलं बरीच वर्षं वाचते आहे, लिहायला आज बसले. सिनेमाच्या विभागात जाणकार मंडळी आहेत म्हणून विचारते.

आमचे हे कराडला एका थिएटरात ऑपरेटर होते. १९७९ ला लागले ते २०११ ला थिएटर बंद पडेपर्यंत. ऑपरेटर म्हणजे मशीन चालवणारा माणूस. बाल्कनीच्या मागून लोखंडी जिना, वर केबिन, केबिनमध्ये दोन मशीन. एकावरचं रीळ संपत आलं की दुसऱ्यावरचं सुरू करायचं, आणि ते असं की खाली बसलेल्या सहाशे माणसांना पत्ता लागू नये. डबल रीळ वीस-बावीस मिनिटं चालतं, म्हणजे मोठ्या सिनेमाला एका खेळात सहा-सात वेळा ही अदलाबदल. रीळ संपायला सात-आठ सेकंद उरले की पडद्याच्या उजव्या वरच्या कोपऱ्यात ठिपका येतो. पापणी लवेपर्यंतच असतो. तो दिसला की दुसऱ्या मशीनची मोटर चालू करायची. मग दुसरा ठिपका येतो, तो दिसला की चेंजओव्हर. उजेडासाठी तेव्हा कार्बनच्या कांड्या जळायच्या. त्यांच्याकडे उघड्या डोळ्यांनी बघता येत नाही, मशीनला गडद निळी काच असते, तिच्यातून बघायचं. माझं इथलं नाव त्या काचेवरून घेतलंय.

लग्न १९८१ च्या मेमध्ये झालं. त्याच वर्षी पुढे आमच्याकडे ‘एक दूजे के लिए’ लागला आणि उतरायचं नाव घेईना. मी संध्याकाळी डबा घेऊन केबिनमध्ये जायची आणि रिळांच्या पेटीवर बसून भिंतीतल्या चौकोनी खिडकीतून बघायची. पाटीएवढी खिडकी. आत मशीनचा आवाज एवढा की संवाद निम्मे कळत. हे बनियनवर, घामानं निथळत असायचे. त्यातली सपना वासूच्या फोटोची राख चहात कालवून पिते, तो प्रसंग मी बारा-पंधरा वेळा तरी पाहिला असेल, आणि दर वेळी माझ्या हातातली भाकरी तशीच राहायची. शेवटी दोघंही कड्यावरून जातात. खाली बायका हमसून रडायच्या. दिवे लागले तरी उठायच्या नाहीत.

एकदा मी पण फार रडले. हे रीळ उलटं गुंडाळत होते. ते करता करता म्हणाले, “दोघंही गेले, सुटले. आता सपनाच्या आईचा सिनेमा कोण काढणार?”

तेव्हा मला त्यांचा राग आला होता. नवी नवरी होते, मला प्रेमाचं कौतुक होतं, आणि हे त्या आडव्या आलेल्या आईचं काय घेऊन बसलेत असं वाटलं.

हे जाऊन येत्या कार्तिकात दोन वर्षं होतील.

थिएटर बंद झाल्यावर हे घरी टीव्हीवर सिनेमे बघायचे. जुना सिनेमा लागला की त्यात ते ठिपके अजून असतात, तुम्ही कधी नीट पाहिलंत तर दिसतील. ठिपका आला की ह्यांचा उजवा हात खुर्चीच्या दांड्यावरून उठायचा. त्यांना कळायचंही नाही. बोलता बोलता, चहा पिता पिता, कधी डुलकी लागत असतानासुद्धा. मी कधी विषय काढला नाही. काढला असता तर त्यांनी हात आवरला असता.

गेल्या महिन्यात दुपारी तोच सिनेमा लागला होता. ठिपका आला आणि मी शेजारच्या खुर्चीकडे बघितलं.

तेव्हापासून ह्यांचा तो प्रश्न डोक्यातून जात नाही. प्रेमाचे सिनेमे मी शेकड्यांनी पाहिलेत. ताटातूट झालेले, दोघं मेलेले, एक आजारी पडून गाणं म्हणत गेलेला. पण सिनेमा नेमका तिथंच संपतो. जो मागे राहतो तो दुसऱ्या दिवशी सकाळी उठून काय करतो, कुणासाठी दूध तापवतो, हे कुणी दाखवलंय का? मेलेल्यासाठी रडवणारा सिनेमा नको. राहिलेल्याजवळ बसणारा हवा आहे.

एक मी सांगते, म्हणजे मला काय हवंय ते कळेल. गुलजारांचा ‘इजाज़त’, १९८७ चा. आमच्याकडे मॅटिनीला एक आठवडा होता, खाली पन्नास माणसंही नसायची. हे म्हणाले, ये, हा बघून जा. स्टेशनच्या वेटिंग रूममध्ये वेगळे झालेले नवरा-बायको पुन्हा भेटतात, बाहेर पाऊस. नसीरुद्दीन खिसे चाचपतो आणि रेखा काडेपेटी काढून देते. सोडून जाऊन वर्षं झाली, तरी ह्याला काडेपेटी लागणार हे तिला ठाऊक आहे. असलं काही असेल तर सांगा. हिंदी, मराठी, कुठल्याही भाषेतलं चालेल, नात मोबाइलवरून टीव्हीला लावून देते. खालची अक्षरं मोठी करता येतात असं ती म्हणते.

विरार फास्ट

काकू, तुम्हाला हवाय तो सिनेमा आहे. ‘द लंचबॉक्स’, २०१३, रितेश बत्रा. आजच बघा.

लोक त्याला डब्याच्या अदलाबदलीची प्रेमकहाणी म्हणतात. इलानं नवऱ्यासाठी पाठवलेला डबा चुकून साजन फर्नांडिस नावाच्या दुसऱ्याच माणसाला पोचतो आणि डब्यातून चिठ्ठ्या सुरू होतात. ते खरंच आहे. पण मी तो पाहिला तो इरफानच्या संध्याकाळींसाठी. हा साजन विधुर आहे. पस्तीस वर्षं सरकारी कचेरीत क्लेमच्या फायली बघितलेला माणूस. ऑफिसातून येतो, गॅलरीत उभा राहून सिगरेट ओढतो. समोरच्या घरात एक कुटुंब एकत्र जेवत असतं, तो बघत राहतो. तिथली छोटी मुलगी उठते आणि खिडकी लावून घेते. एवढंच. गाणं नाही, डोळ्यात पाणी नाही. सिनेमा त्याच्याजवळ बसून राहतो, तुम्ही म्हणता तसा.

आणि एक जागा तर तुमच्यासाठीच आहे. त्याच्या बायकोला टीव्हीवरची ‘ये जो है जिंदगी’ फार आवडायची, ती सगळे भाग टेप करून ठेवायची. ती गेल्यावर एका रात्री तो त्या टेपा काढून बघत बसतो. रात्रभर बघतो, आणि आपण नेमकं काय शोधतोय हे त्यालाच कळत नाही. मग आठवतं. रविवारी तो बाहेर सायकल दुरुस्त करत असायचा, आत ती टीव्ही बघत असायची, आणि खिडकीतून त्याला टीव्हीच्या काचेत तिचं हसणारं प्रतिबिंब दिसायचं. त्याच त्या विनोदांना पुन्हा पुन्हा हसणारी. तेव्हा बघत राहायला हवं होतं, असं तो इलाला लिहितो.

टीव्हीची काच, काकू. तुमचं खुर्चीचं वाचलं आणि मला हेच आठवलं.

वरच्या मजल्यावरच्या देशपांडे आंटीकडेही लक्ष ठेवा. त्या दिसत नाहीत, फक्त आवाज, भारती आचरेकरांचा. दोरीला टोपली बांधून मसाला खाली सोडतात. त्यांचा नवरा कित्येक वर्षं अंथरुणाला खिळलेला आहे, छताच्या पंख्याकडे बघत. पंखा थांबला तर नवरा जाईल या भीतीनं त्या पंखा चालू असतानाच पुसतात. सगळ्या सिनेमात ही गोष्ट चार-सहा वाक्यांत येऊन जाते, पण मला विचाराल तर त्यातलं सगळ्यात मोठं प्रेम ते आहे.

मी रोज विरार–चर्चगेट करतो. इरफान २९ एप्रिल २०२० ला गेला तेव्हा लॉकडाऊन होता, गाड्या बंद. पुन्हा सुरू झाल्यावर पहिल्या दिवशी डब्यात उभा राहून मला साजनच आठवत होता. पोरं त्याला अंकल म्हणून बसायला जागा देतात, तेव्हाचा त्याचा चेहरा.

नाइट ड्यूटी

मी पुण्यात आयसीयूत नर्स आहे, अठरा वर्षं झाली. आमच्या कामाच्या जागेवरचे सिनेमे मला बघवत नाहीत, सगळं खोटं असतं. ‘ऑक्टोबर’ बघवला. २०१८, शूजित सरकार दिग्दर्शक, लेखन जुही चतुर्वेदी.

दिल्लीत हॉटेलात ट्रेनिंग घेणारी मुलं. त्यातली शिउली पार्टीच्या रात्री गच्चीवरून पडते आणि कोमात जाते. तिच्याबरोबर काम करणारा डॅन. त्यांचं प्रेम वगैरे काही नसतं, ओळख आहे इतपतच. पण पडण्याआधी तिनं कुणाला तरी विचारलेलं असतं, डॅन कुठे आहे? हे त्याला नंतर कळतं. आणि तो दवाखान्यात यायला लागतो. येतच राहतो.

असे लोक मी पाहिलेत. पहिल्या आठवड्यात आयसीयूच्या बाहेर बसायला जागा नसते. महिन्याभरानं दोन जण उरतात. त्यांना आमच्या ड्यूट्या पाठ होतात, लिफ्टवाल्याच्या मुलाचं नाव माहीत होतं, आणि येऊन ते फक्त एवढंच विचारतात, “सिस्टर, आज काही?” डॅन तसाच आहे. तो आशा सोडत नाही याचं सिनेमा कौतुक करत नाही. तो येतो, बसतो, कधी कधी चुकीचं बोलतो, जातो.

शिउली म्हणजे आपला प्राजक्त. तिला त्या फुलांचं वेड, म्हणून तो फुलं वेचून तिच्या उशाशी आणून ठेवतो. माझ्या आजोळी, वाईला, परसात प्राजक्त होता. पहाटे खाली चादर अंथरायची, झाड हलवायचं नाही, पडतील तेवढी घ्यायची, असा आजीचा नियम होता. त्यामुळे मला तो प्रसंग फार लागला.

शिउली वाचत नाही, ते आधीच सांगते, तुम्हाला धक्का नको. शेवटी डॅनकडे झाड राहतं. तुमच्या प्रश्नाला उत्तर म्हणाल तर ते: सकाळी उठून तो झाडाला पाणी घालतो. असं दाखवलेलं नाही, पण घालत असणार.

सोनसळी

ताई, मनापासून सांगते, रागावू नका. माझी आई गेल्यावर बाबांनी वर्षभर दुःखाचीच गाणी ऐकली आणि त्यांची तब्येत पार खालावली. तुम्ही हलकंफुलकं बघा, नातीबरोबर बघा. या वयात मनाला त्रास करून घेऊ नये. वरच्या मंडळींनी सुचवलेलं चांगलंच असेल, पण आत्ता नको.

निळी काच

सोनसळी, रागावले नाही गं. तुझ्या बाबांचं वाचून वाईट वाटलं. आता बरे आहेत ना?

पण तुला खरं सांगू? हलकंफुलकं बघते तेव्हाच मला त्रास होतो. सगळे हसत असतात आणि मी हसायचं राहून जाते, मग नात माझ्याकडे बघते. दुःखाच्या सिनेमात तसं होत नाही. तिथं मी एकटी नसते. तीस वर्षं मी पाहिलंय, रडवणाऱ्या सिनेमाहून माणसं बाहेर येतात तेव्हा जिन्यावर एकमेकांना वाट देतात. मारामारीच्या सिनेमाहून येतात तेव्हा ढकलाढकली.

विरार फास्ट, नाइट ड्यूटी, तुम्ही एवढं मन लावून लिहिलंत. लंचबॉक्स आज रात्री लावते. नाइट ड्यूटी, ह्यांना आठ दिवस आयसीयूत ठेवलं होतं. तिथली एक सिस्टर रोज पहाटे बाहेर येऊन मला सांगून जायची की काका झोपलेत. तिचं नाव विचारायचं राहिलं. ते तुझ्यापाशी बोलले असं समज.

केळीची बाग

मी करमाळ्याच्या बाजूचा. ‘सैराट’ इकडेच झाला. २०१६ ला आमच्या गावातून टेंपो भरून माणसं बघायला गेली होती, जाताना गाणी म्हणत, येताना गप्प. हे मी डोळ्यानं पाहिलंय.

ताई, तुम्ही म्हणता एक मागे राहतो त्याचा सिनेमा. सैराटमध्ये मागे राहतं ते पोर. आर्ची दारात रांगोळी काढत असते, माहेरची माणसं आहेर घेऊन येतात, ती चहा ठेवते. शेजारीण पोराला फिरवून आणते आणि दारात सोडते. मग आवाजच बंद होतो. पोर आत जातं, रडत बाहेर येतं, आणि फरशीवर त्याच्या पावलांचे लाल ठसे. नागराज मंजुळेंनी तिथं सिनेमा थांबवला. थेटरात इतकी शांतता की मागच्या रांगेतल्या बाईच्या बांगड्या ऐकू आल्या.

पुढं त्या पोराचं काय, हे दाखवलेलं नाही. पण तुमच्या मिस्टरांनी आईबद्दल विचारलं तसं मी आजवर त्या पोराबद्दल विचारतोय.

पाटीपेन्सिल

केळीची बाग, तुमचं म्हणणं मनाला भिडलं, पण एक फरक करायलाच हवा. काकूंचे मिस्टर आजारानं गेले. आर्ची-परश्याला मारलं. पहिलं दुःख आहे, दुसरा गुन्हा आहे. दोन्हीला विरह, ताटातूट असे गोड शब्द लावले की मारणारे सुटतात. सैराट बघून कुणी नुसतं ‘किती अधुरं प्रेम’ म्हणालं की मी उठून जातो. ते अधुरं नव्हतं, संसार चालला होता, पोर झालं होतं. तो कापला.

काकू, मी नांदेडला कॉलेजात शिकवतो. तुम्हाला ‘मसान’ सुचवतो. २०१५, नीरज घेवान. कान महोत्सवात त्याला दोन बक्षिसं मिळाली, पण त्यासाठी नाही सांगत.

बनारस. दीपक हा घाटावर प्रेतं जाळणाऱ्या डोम घरातला, इंजिनिअरिंग शिकणारा पोरगा. शालू वरच्या जातीतली, तिला शेरोशायरी फार आवडते. दुर्गापूजेच्या गर्दीत दोघं लाल फुगे सोडतात. आपण कोण, कुठं राहतो, हे तो तिला एकदा चिडून सांगून टाकतो, आणि ती विचार करून म्हणते, घरचे नाही ऐकले तर पळून येईन. इथपर्यंत वाटतं की आता जात आडवी येणार. ती येतच नाही. शालू घरच्यांबरोबर देवाला जाते आणि बसला अपघात होतो. घाटावर एका रात्री एकामागून एक प्रेतं येतात, दीपक कामाला लागलेला असतो, आणि एका हातातली अंगठी त्याला ओळखू येते.

काकू, मी या जागेवर दर वेळी एकाच गोष्टीनं तुटतो. त्याला रडायला वेळ नाही. ते त्याचं काम आहे. आपल्याच माणसाचं सरण रचायचं काम.

पुढचा अर्धा सिनेमा तुमच्या प्रश्नाचाच आहे. तो मित्रांबरोबर घाटावर दारू पितो आणि विचारतो, हे दुःख संपत का नाही? मित्र उत्तर देत नाहीत, धरून बसतात. ती अंगठी तो गंगेत फेकतो, आणि फेकल्या क्षणी तिच्यामागे उडी मारतो. सापडत नाही. ती सापडते कुणा भलत्यालाच, आणि दुसऱ्याच एका मुलीच्या बापाला पोलिसाचे पैसे भागवायला उपयोगी पडते. दीपकला हे कधीच कळत नाही. त्याला रेल्वेत नोकरी लागते, तो अलाहाबादला जातो, संगमावर एका नावेत बसतो. नावेत ती दुसरी मुलगी असते, स्वतःचं दुःख घेऊन आलेली. आधी काठावर त्यानं तिला पाणी दिलेलं असतं, आता बोलणं सुरू होतं.

यात ‘तू किसी रेल सी’ हे गाणं आहे, दुष्यंत कुमारांच्या ओळीवर वरुण ग्रोवरनं बांधलेलं. गाणं संपेपर्यंत शालू जिवंत आहे, एवढं लक्षात ठेवून ऐका.

केळीची बाग

सर, तुमचं पटलं. मी पोराचं म्हणालो ते त्याच अर्थानं. ते पोर साक्षीदार आहे.

सिंगापुरातून

काकू, तुम्ही कुठल्याही भाषेतलं चालेल म्हणालात म्हणून धीर करून सांगतो. ‘इन द मूड फॉर लव्ह’, २०००, वाँग कार-वाई. हाँगकाँग, साल १९६२. एकाच दिवशी शेजारशेजारच्या खोल्यांत भाड्यानं राहायला आलेली दोन बिऱ्हाडं. हळूहळू उमगतं की ह्याची बायको आणि तिचा नवरा एकमेकांत गुंतलेत. हे दोघं उरलेले. संध्याकाळी ती हातात डबा घेऊन गल्लीतल्या जिन्यानं खाली शेवया आणायला जाते, तो वर येत असतो, अरुंद जिना, एकमेकांना वाट देतात. तुम्ही जिन्याचं लिहिलंत म्हणून हे विशेष आठवलं. सगळा सिनेमा त्या जिन्यावरच घडतो म्हटलं तरी चालेल. शेवटपर्यंत ते ‘आपण त्यांच्यासारखं वागायचं नाही’ यावर ठाम राहतात, आणि त्यातच एकमेकांना गमावतात.

पुढे तो नोकरीला इथे, सिंगापुरात येतो. एक दिवस घरी येतो तर कुणीतरी येऊन गेलंय. रक्षापात्रात लिपस्टिक लागलेलं सिगरेटचं थोटूक. ती येऊन, त्याच्या खोलीत बसून, एक सिगरेट ओढून परत गेलेली असते. त्याच्या ऑफिसात फोनही लावते, तो उचलतो, ती बोलत नाही.

शेवटी तो कंबोडियातल्या अंगकोरवाटच्या जुन्या देवळात भिंतीतल्या एका भोकाला तोंड लावून मनातलं सांगतो आणि भोक बुजवून टाकतो. मी २०१९ ला तिथे गेलो होतो, एकटाच, एक नातं संपल्यावर. भिंतींना तशी भोकं पुष्कळ आहेत. बोट घातलं तर दगड आतून गार लागतो. मी काही बोललो नाही, मागे सहलीची रांग होती, पण बराच वेळ हात तिथेच ठेवून उभा होतो.

संवाद कमी आहेत, त्यामुळे खालची अक्षरं वाचायचा त्रास होणार नाही.

निळी काच

सगळ्यांचे आभार मानायचे तर रात्र पुरायची नाही. पाटीपेन्सिल सर, तुम्ही फरक केलात ते बरं केलंत. हे असते तर तुमच्याशी तासभर बोलत बसले असते. केळीची बाग, तुमचं ‘साक्षीदार’ मी वहीत लिहून ठेवलं.

लंचबॉक्स पाहिला. नातीनं लावून दिला आणि तीही बसली, तिला वाटलं आजीला सोबत.

टेपांचा प्रसंग आला तेव्हा मी तिला थांबवायला सांगितलं. मागे घे म्हटलं. तीन वेळा बघितला. तो म्हणतो तेव्हा बघत राहायला हवं होतं. मी तर बघत होते. ह्यांचा हात उठायचा तेव्हा मी दर वेळी बघायची. बघितलं म्हणून काही उरतं असं नाही, पण माझं ते बघायचं राहिलेलं नाही, हे मला परवा रात्री कळलं, आणि त्यानंतर झोप लागली.

देशपांडे आंटीचा पंखा मात्र मला सहन झाला नाही. ह्यांचं मशीन तसंच होतं. सुरू खेळात बंद पडलं तर काय, ही भीती त्यांना बत्तीस वर्षं होती. आंघोळीला गेले तरी म्हणायचे, दार लावू नकोस, आवाज ऐकू येऊ दे. घरात कुठलं मशीन! पण तो आवाज त्यांच्या कानात असायचा.

नातीनं विचारलं, आजी तू सारखी वर कोपऱ्यात काय बघतेस? मला कळलंच नव्हतं मी बघतेय ते. हा नवा सिनेमा, ह्यात ठिपके नाहीत. सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकच सलग. मी मग तिला सगळं सांगितलं, मोटर, चेंजओव्हर, कार्बन. कपाटातली सुपारीची डबी काढली. फिल्म तुटली की हे ब्लेडनं कड खरवडायचे, सिमेंट म्हणजे फिल्म चिकटवायचा द्राव लावून जोडायचे, त्या सिमेंटचा वास नखांच्या रंगासारखा असतो. प्रत्येक जोडाला दोन-चार चौकटी कापाव्या लागतात. कापलेले ते तुकडे हे टाकायचे नाहीत, डबीत ठेवायचे. सत्तर-ऐंशी तरी आहेत. काही लालसर पडलेत, काही एकमेकांना चिकटलेत. नातीनं एक तुकडा ट्यूबलाइटपुढे धरला. त्यात एक बाई दार उघडतेय. कोण, कुठला सिनेमा, काही कळत नाही. दोन चौकटी, दोन्हीत हात कडीवर.

तिनं त्याचा मोबाइलवर फोटो काढलाय. इथे चढवता येतो का आणि कसा, कुणी सांगाल? साडी काठाची आहे, दाराला पितळी कडी, मागे भिंतीवर कॅलेंडर असावं. जुन्या सिनेमांतलं कुणाला ओळखू आलं तर बरं होईल.

शनिवारी मुलगा येतोय, तेव्हा ‘मसान’ बघू. प्राजक्ताचा त्याच्या पुढच्या आठवड्यात.

विरार फास्ट

काकू, लिहायच्या चौकटीखाली डाव्या हाताला चित्राची खूण आहे, ती दाबा, मग फोटो निवडा. नाही जमलं तर नातीला इथलं सभासदत्व घ्यायला सांगा. आणि ट्यूबलाइटपुढे नको, दिवसा खिडकीच्या काचेला टेकवून काढा, कॅलेंडरवरचं साल वाचता येईल कदाचित.